लांबबोट्या पान मागतो

एक होतं तळं. तळ्यात होतं कमळाचं पान. पानावर होतं एक अंडं. अंड्यावर बसला होता लांबबोट्या.

लांबबोट्या म्हणजे कमळपक्षी. जीव एवढासा, पायांची बोटं मात्र ही लांब. त्या बोटांनी तो पानावर चालायचा. टिपुक टिपुक, टिपुक टिपुक. अंडी घालायची लांबबोटी. उबवायचा लांबबोट्या. त्यांच्यात हे काम बाबांचंच.

तळ्यात ते एकच पान उरलं होतं. तेही जुनं झालं होतं. एके सकाळी ते फाटलं. फर्रर्र. अंडं घरंगळलं. बुडुक. गेलं.

लांबबोट्या रडला. लांबबोटीही रडली. मग डोळे पुसून ती म्हणाली, "अहो, माझ्या पोटात अजून अंडी आहेत. ती थांबायची नाहीत. कुठून तरी पान आणा."

निघाला लांबबोट्या. टिपुक टिपुक, टिपुक टिपुक.

"तळ्या, तळ्या, एक पान दे."

तळं म्हणालं, "कुठून देऊ? बघ ना, सगळीकडे बेशरम."

बेशरम हे एका झुडपाचं नाव आहे बरं का. फुलं गुलाबी गुलाबी, दिसायला छान. पण कितीही कापा, ती आपली पुन्हा हजर. म्हणून तिचं नाव बेशरम.

तळं म्हणालं, "तिनं माझं ऊन अडवलंय. कमळाचे कंद खाली चिखलात अंधारात पडलेत. डोमाजीकाका बेशरम उपटेल, तर मी पान देईन."

निघाला लांबबोट्या. टिपुक टिपुक, टिपुक टिपुक.

डोमाजीकाका तळ्यात मासे धरायचा. आज त्याच्या जाळ्यात मासा नव्हता. नुसत्या बेशरमीच्या काड्या होत्या.

"काका, काका,
तळं पान देईना.
पान नाही, तर अंडं कुठे ठेवू?
तुम्ही बेशरम उपटा ना."

काका म्हणाला, "एवढं मोठं तळं. मी एकटा किती उपटू बापा? सागनबाई येईल, तर मी उपटीन."

निघाला लांबबोट्या. टिपुक टिपुक, टिपुक टिपुक.

सागनबाईचं शेत तळ्याच्या खाली होतं. बेशरमीनं वाट अडवली होती, म्हणून तळ्याचं पाणी शेतात येईना. तिचा धान पिवळा पडला होता.

"बाई, बाई,
डोमाजीकाका उपटेना.
तळं पान देईना.
पान नाही, तर अंडं कुठे ठेवू?
तुम्ही मदतीला या ना."

सागनबाई म्हणाली, "येऊन काय करू? वरच्या गावच्या काड्या नाल्यातून वाहत येतात. आमचं तळं पुन्हा भरते. वरचं गाव येईल, तर मी येईन."

लांबबोट्या आधी घरी डोकावला. लांबबोटी पाण्याकडे बघत बसली होती. अंडं थांबलं नव्हतं. पानच नव्हतं, मग ते पाण्यात पडलं. बुडुक. दुसरंही गेलं.

रडायला वेळ कुठला. निघाला लांबबोट्या. टिपुक टिपुक, टिपुक टिपुक. नाल्याच्या कडेकडेनं, वर, वर, वर.

वरच्या गावात भोजराजभाऊ बेशरम कापत होते. खच खच खच. कापायची, नाल्यात टाकायची. कापायची, नाल्यात टाकायची. सगळं गाव दरवर्षी असंच करायचं.

"भाऊ, भाऊ,
सागनबाई येईना.
डोमाजीकाका उपटेना.
तळं पान देईना.
पान नाही, तर अंडं कुठे ठेवू?
तुमचं गाव घेऊन या ना."

भोजराजभाऊ म्हणाले, "आमचंच तळं साफ होईना. जेवढी कापावी, तेवढी जास्त येते. हे कसं करायचं, आमाले कोणी शिकवलं का? शाळेतल्या बाई शिकवतील, तर आम्ही येऊ."

निघाला लांबबोट्या. टिपुक टिपुक, टिपुक टिपुक.

मोठी माणसं अशीच असतात. हा म्हणतो आधी तो, तो म्हणतो आधी ती. आणि पाय कोणाचे दुखतात? लांबबोट्याचे.

शाळेच्या खिडकीत तो बसला. आत कुंदाबाई शिकवत होत्या.

"बाई, बाई,
वरचं गाव येईना.
सागनबाई येईना.
डोमाजीकाका उपटेना.
तळं पान देईना.
पान नाही, तर अंडं कुठे ठेवू?
तुम्ही गावाला शिकवा ना."

कुंदाबाईंनी खडू खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "शिकवीन रे. पण काय शिकवू? कापली तरी ती वाढते कशी, हे मलाच माहीत नाही. कोणी दाखवेल, तर मी शिकवीन."

आता कोणाकडे जायचं? पुढे कोणी नव्हतंच.

लांबबोट्या घरी आला. लांबबोटी पाण्याकडेच बघत होती. तिसरं अंडंही गेलं होतं. आता पोटात उरलं होतं शेवटचं. ते तिनं कसंबसं धरून ठेवलं होतं.

लांबबोट्या पाण्यावर उभा राहिला. कशावर उभा राहिला? बेशरमीच्या काडीवर. वरच्या गावातून वाहत आलेली, कापलेली काडी. पानं संपली, तेव्हापासून तो अशाच काड्यांवर चालायचा. त्यानं खाली पाहिलं. काडीला पांढरी पांढरी मुळं फुटली होती. रोजच फुटायची. रोजच त्याच्या बोटांत अडकायची.

लांबबोट्यानं काडी चोचीत धरली. आणि या वेळी टिपुक टिपुक नाही. फडफड, फडफड, फडफड. थेट शाळेत.

"बाई, बाई, मी दाखवतो. ही बघा कापलेली काडी. ही बघा तिची मुळं."

बाई म्हणाल्या, "अरे, तुला हे ठाऊक होतं?"

"रोज तर यांच्यावरूनच चालतो," लांबबोट्या म्हणाला. "मला कोणी विचारलंच नाही."

बाईंनी काडी हातात घेतली. वर्गातली सगळी मुलं जवळ आली. बाई काडीकडे बघतच राहिल्या. कापली की तुकडे. तुकडे पाण्यात. पाण्यात मुळं. म्हणजे गाव बेशरम काढत नव्हतं. गाव बेशरम लावत होतं.

बाई मुलांना घेऊन वरच्या गावात गेल्या. त्यांनी काडी दाखवली. भोजराजभाऊंनी विळा खाली ठेवला. ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही तळी आम्हीच भरली."

बाईंनी शिकवलं. कापू नका, मुळासकट ओढा. नाल्यात टाकू नका. दूर खडकावर टाका, उन्हात पार वाळू द्या.

बाईंनी शिकवलं, तसं वरचं गाव आलं.
वरचं गाव आलं, तशी सागनबाई आली.
सागनबाई आली, तसा डोमाजीकाका पाण्यात उतरला.
डोमाजीकाका उपटू लागला. ओढ, ओढ, उचक! ओढ, ओढ, उचक!

हातांना फोड आले. पाय चिखलात रुतले. पण बेशरम निघाली, मुळासकट निघाली.

तळ्यावर ऊन पडलं. चिखलातला कंद जागा झाला. आणि तळ्यानं पान दिलं.

हिरवं, गोल, नवं पान.

लांबबोटी पानावर आली. टिपुक टिपुक. तिनं अंडं घातलं. लांबबोट्यानं ते पंखाखाली घेतलं. ऊन आलं, तो बसून राहिला. वारा आला, तो बसून राहिला. मग एक दिवस, टक टक. टक टक. अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं. त्याचीही बोटं ही लांब.

सगळे बघायला आले. कुंदाबाई आल्या. भोजराजभाऊ आले. सागनबाई आली. डोमाजीकाका आला.

डोमाजीकाका म्हणाला, "एकच पिल्लू?"

लांबबोट्या म्हणाला, "चार असती काका. पहिलं गेलं पान फाटलं तेव्हा. तुम्ही सगळे 'आधी तो, आधी ती' म्हणत होता ना, तेव्हा आणखी दोन बुडाली."

काका खाली मान घालून उभा राहिला. सगळ्यांना फार वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं.

पिल्लाला भाऊ नव्हता. बहीण नव्हती. ते एकटंच पानावर चाललं. टिपुक टिपुक, टिपुक टिपुक.

तेवढ्यात सागनबाईला तळ्याच्या काठावर बेशरमीचा एक नवा कोंब दिसला. हा एवढासा. तिनं डोमाजीकाकाला हाक मारली नाही. वरच्या गावाची वाट पाहिली नाही. ती खाली वाकली आणि तिनं तो मुळासकट उपटला.

पान आलं पाण्यावर, पिल्लू आलं पानावर, आणि आपली गोष्ट आली काठावर.