सात बायकांची तूर

“...मग एकट्या तुमचीच तूर हिरवी कशी, बाबा?”

केतकी कुंपणाशी भर उन्हात उभी होती. आत, कडुनिंबाखाली, नूरबाबा फकीर गोणपाटावर बसलेले. शेजारी पाण्याचं मडकं.

बाबांच्या तकियामागे, त्या फकिरी झोपडीमागे, तुरीचा छोटासा तुकडा होता. बावीस दिवस पावसाचा थेंब नाही, तरी पानं ताठ.

“भुकटीचं पाकीट तेच, बियाणं तेच. मीच दिलं होतं ना तुम्हाला?”

“तूच दिलंस.”

“त्या भुकटीत जिवाणू असतात, बाबा. मुळांशी राहतात, पाण्याच्या ताणात पिकाला तगवतात. कॉलेजात हेच तर शिकले मी. आणि बचत गटातल्या सातही बायकांच्या तुरीनं माना टाकल्यात. उद्या नांगर घालणार म्हणतात. पुन्हा माझं काही ऐकायच्या नाहीत त्या...”

“आणखी काय म्हणतात?”

“म्हणतात, ताई, काळी भुकटी लावून बियांची दृष्ट काढलीस का गं?”

बाबा एकदम मोठ्यानं हसले. केतकी दचकली.

“तुम्ही मंत्र वगैरे म्हटलात का?”

“गुळाच्या पाण्यात भुकटी कालवली. बियांना चोळली. बिया वाळवल्या. तू सांगितलंस तसं.”

“त्यांनीही तेच केलं! उलट लवकर वाळावं म्हणून पत्र्यावर पसरलं. कडक उन्हात. तासाभरात सुकलं सगळं.”

बाबांनी मडक्यातून घोटभर पाणी घेतलं.

केतकीचा घसा कोरडा पडला होता. डोकं तापलं होतं.

“बाबा... सावलीत येऊ का?”

“कशाला?”

“जीव जाईल इथं माझा.”

केतकीनं पायाखालच्या तापलेल्या मातीकडे पाहिलं.

...

“तुम्ही कुठं वाळवल्या होत्या बिया?” तिनं हळूच विचारलं.

बाबांनी बुडाखालच्या गोणपाटावर थाप मारली.

“म्हणजे उन्हात जिवाणूच मेले त्यांचे... पण सावलीत वाळवा असं मी सांगितलंच नव्हतं. कुणालाच नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“मला काय कळतंय? मी इथंच बसतो.”

केतकी गोंधळून आत आली. मटकन खाली बसली.

“म्हणजे चूक माझीच. आणि मी त्यांना निष्काळजी म्हणत होते... आता काय सांगू त्यांना?”

तिनं मडक्याकडे हात नेला. बाबांनी मडकं उचललं आणि पाठीमागे ठेवलं.

“बाबा?”

“त्यांच्याकडे जा.”

“जाऊन काय करू? मी तर त्यांना शिकवायला गेले होते...”

“चूक नंतर सांग. आधी पाणी माग.”