साळूच्या बिळाची पाच तोंडे

डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली एक साळू आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. साळूच्या अंगावर लांबलांब काटे असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच; पण ही साळू स्वभावाने मुळीच काटेरी नव्हती. तिचे बीळ पणजीच्या वेळचे, ऐसपैस आणि पाच तोंडांचे. "साळूच्या बिळाला पाच तोंडे हवीतच," असे घराण्यातले सगळे सांगत आले होते. का हवीत, ते मात्र कोणी सांगत नसे, आणि हिनेही कधी विचारले नव्हते.

त्या डोंगरावर थंडी फार. माथ्यावर वीज पडून पेटलेला ऐनाचा एक जाडजूड बुंधा आतल्या आत सतत धुमसत असे, आणि एक अस्वल त्याची राखण करी. हवे तेवढे निखारे रोज न्यावेत आणि पौर्णिमेला त्या मानाने कंद आणून द्यावेत, असा नियम होता. अस्वल प्रामाणिक होते, पण नियम म्हणजे नियम. कंद कमी पडले, की थंडी संपेपर्यंत निखारा बंद! शिवाय जंगलात एक रीतही पडून गेली होती. सर्वांत मोठा, लालबुंद निखारा बिळाच्या दारात ठेवायचा. ज्याच्या दारात निखारा नाही, त्याचे घर बुडाले, असे सगळे समजत. त्यामुळे पहिली ऊब मिळे ती वाऱ्याला, आणि उरलीसुरली घरच्यांना. हसू नका. रिकाम्या खोलीत पंखा गरगरत ठेवून खाली खेळायला कोण पळते, ते मला चांगले माहीत आहे.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला साळूने अस्वलाचे कंद दिले आणि घरी येऊन ती कोठीत डोकावली, तर कोठीचा तळ दिसत होता. पुढच्या पौर्णिमेलाही एवढेच कंद द्यावेत, तर पिल्लांच्या तोंडी काय घालायचे? न द्यावेत, तर पिल्ले गारठून जातील. "उद्यापासून निम्मेच निखारे आणायचे," असे तिने ठरवले आणि तसे केलेही. पण दारातला निखारा काही तिने हलवला नाही. जी काटछाट झाली ती आतल्या निखाऱ्यांची. तिसऱ्या दिवशी धाकटे पिल्लू खोकू लागले. त्याचे पाय ओढ्यातल्या दगडासारखे गार लागत होते. साळूला रडू कोसळले. पण रडून थंडी थोडीच पळते! डोळे पुसून ती म्हणाली, "इतके दिवस एवढे निखारे आणत होते, तरी घर कधी गरम झालं नाही. मग ती ऊब जाते कुठे? ते शोधल्याशिवाय मी आता स्वस्थ बसणार नाही."

पिल्लांच्या अंथरुणात सावरीचा कापूस होता. त्यातला चिमूटभर पंजात धरून ती बिळाच्या भिंतींजवळून हळूहळू फिरू लागली. एका जागी कापूस थरथरला. पुढच्या वळणावर तो पंजातून सुटला आणि भुर्रकन आत उडाला. "आई, वारा इथून येतो!" मोठे पिल्लू ओरडले. साळूने पाचही तोंडे तपासली. एकातून सगळ्यांची ये-जा होती. दुसरे संकटात पळायला हवे होते. तिसरे वरचे, धूर जाण्यासाठी. राहिली दोन. त्यातले एक इतके ढासळलेले होते, की त्यातून उंदीरही गेला नसता, आणि दुसऱ्यातून कोणी गेल्याचे तिला आठवतही नव्हते. पण पणजीने खणलेली तोंडे बुजवायची? साळूचा जीव घुटमळला. इतक्यात धाकटे पुन्हा खोकले. "पणजी असती, तर तिनेच आधी चिखल कालवला असता," साळू म्हणाली आणि ओढ्याकडे निघाली.

मग काय, तिने दिवस पाहिला नाही की दमणूक पाहिली नाही. चिखल आणि वाळके गवत कालवून दोन्ही तोंडे पक्की लिंपली. पळायच्या वाटेला आतून ढकलले की निघेल असा गवताचा बोळा बसवला. धुराचे भोक मोकळे ठेवले. येण्याजाण्याच्या दाराला एक सपाट दगड लावला. आणि शेवटी दारातला निखारा उचलून तिने पिल्लांच्या अंथरुणाजवळ नेला. बाहेर जाताना ती तो राखेत पुरून ठेवी आणि परत आली की राख बाजूला सारून फुंकर घाली.

शेजारचा कोल्हा हे पाहत होता. त्याच्या चारही दारांत चार निखारे रसरसत असत. "साळूबाई, हे बीळ आहे की मडकं?" तो खो खो हसला. "आणि दारातला निखारा कुठे गेला? दिवाळं निघालं वाटतं!"

"हसतील त्यांचे दात दिसतील, कोल्होबा," साळू म्हणाली. "मला पिल्लांचे पाय गरम हवेत. दाराला कुठे थंडी वाजते?"

पौषातली पौर्णिमा आली. साळूने कंदांची छोटीशी जुडी अस्वलापुढे ठेवली. "एवढेच?" अस्वलाने विचारले. "एवढेच निखारे नेले, अस्वलदादा," ती म्हणाली. अस्वलाने नखांवर हिशोब केला आणि मान डोलावली. घरी कोठी निम्मी भरलेली होती आणि धाकट्याचा खोकला कधीच पळाला होता. कोल्ह्याची पाळी आली, तेव्हा मात्र अस्वलाने त्याची टोपली दोनदा हलवून पाहिली. ती अर्धीही भरली नव्हती. बडा घर, पोकळ वासा! कोल्ह्याने खूप गयावया केली, पण नियम तो नियम.

संध्याकाळी कोल्हा कान पाडून साळूच्या दारात उभा राहिला. "साळूबाई, माझी पिल्लं कुडकुडतायत. एक निखारा देशील?" साळूच्या जिभेवर एक झणझणीत उत्तर आले होते. पण गारठलेली पिल्ले कशी दिसतात, ते ती विसरली नव्हती. तिने राखेतून निखारा काढून दिला आणि त्याच्यासोबत कापसाची एक चिमूट. "निखारा आजच्यापुरता पुरेल," ती म्हणाली, "कापूस जन्मभर पुरेल. तो धरून भिंतीच्या कडेने फीर; जिथे थरथरेल, तिथून वारा येतो. चिखल कालवायला सकाळी मी येते."

कोल्हा घरी गेला आणि सवयीने निखारा दारात ठेवू लागला. ठेवता ठेवता थांबला. मग मुकाट्याने तो उचलून आत पिल्लांजवळ घेऊन गेला, आणि कापूस पंजात धरून भिंतीच्या कडेकडेने फिरू लागला.

तात्पर्य : खर्च वाढला, की आधी घरच्यांची ऊब कमी करू नये, ती कुठून वाया जाते ते शोधावे आणि तिथेच लिंपावे. घराला गरजा जेवढ्या महाग पडत नाहीत, तेवढ्या जुन्या सवयी आणि दारातला दिखावा महाग पडतो.