दुसऱ्याच्या हातची किल्ली

एकदा एका गावात वीज विकणारा एक शेठ होता. तारा त्याच्या, खांब त्याचे, गिऱ्हाईकही त्याचंच. पुढे सरकारने दार उघडलं. तारा त्याच राहतील, वीज मात्र त्यांवरून कुणीही विकावी. लगेच एक नवा व्यापारी आला. गोड बोले, हाकेसरशी हजर होई. पेठेतलं एकेक दुकान तिकडे वळू लागलं आणि शेठच्या तोंडात घास फिरू लागला.

आता नव्या गिऱ्हाइकाला तार जोडायची तर माणूस खांबावर चढणार, आणि तो चढण्याआधी लाइन बंद हवी. लाइन बंद करायचा खटका एका कुलूपबंद खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली शेठच्या कमरेला. नव्याचा माणूस विचारायला आला की शेठ म्हणे, "आज अमावस्या आहे." दुसऱ्या दिवशी, "आज आमचा माणूस लग्नाला गेलाय." गिऱ्हाइकं कंटाळून परत शेठकडे येत. त्या दिवशी शेठ पोटभर जेवे.

अखेर तंटा आबांपुढे गेला. आबा म्हणजे सरकारने नेमलेले वृद्ध लवाद. शेजारी त्यांचा शिष्य, नुकता वकील झालेला. किल्ली जाणार, अशी शिष्याची खात्री होती. शेठचीही होती. किल्ली गेली की गावात आपल्याला कुत्रं विचारणार नाही, असं त्याला वाटत होतं.

आबा म्हणाले, "दुसरी किल्ली करून नव्याला द्या. पण आपल्या माणसासाठी आपली किल्ली कुणी लावायची नाही. त्याचा माणूस चढेल तेव्हा लाइन शेठ बंद करील. शेठचा माणूस चढेल तेव्हा नवा करील. दिवाळीपर्यंत चालवा, मग बघू."

शेठ उसळला. "माझ्या माणसाचा जीव या उपटसुंभाच्या हाती?"

"त्याच्या माणसाचा इतके दिवस तुमच्या हाती होताच की," आबा म्हणाले.

थोड्याच दिवसांत गिरणीजवळची तार तुटली. शेठ दात आवळून नव्याच्या दारी गेला. याने ताटकळत ठेवावं आणि आपण आबांकडे धावावं, एवढीच त्याची इच्छा. पण नवा भरल्या ताटावरून उठला, लाइन बंद केली आणि शेठचा माणूस खाली उतरेपर्यंत खोलीच्या दारात बसून राहिला. खरकटा हात तसाच वाळला.

"माणूस भला हो," पेठ म्हणाली.

गिऱ्हाइकं गेली तेव्हा झोंबलं नव्हतं एवढं हे शेठला झोंबलं. पुढच्या खेपेस नव्याचा माणूस ओट्यावर टेकतो न टेकतो तोच शेठ गुरकावला, "बसतोस काय? चल." लाइन बंद केली आणि पेठेला दिसेल अशी खुर्ची टाकून दारात बसला.

शिष्य बुचकळ्यात पडला. "आबा, याचा मत्सर तर तसूभर कमी झाला नाही."

"कशाला होईल? मी म्हातारा झालो, कुणाचा गेलेला पाहिला नाही. किल्ली काढून घेतली असती तर हा घरात कुढत बसला असता आणि उद्या दुसरी खोडी काढली असती. आता नव्याला अडवलं तर याचाही माणूस खांबाखाली अडकतो. मग वरचढ व्हायचं कसं? नव्याहून बरं वागून. दुसरी वाट मी ठेवलीच नाही."

दिवाळीला आबांनी विचारलं, "शेठ, नव्याकडची किल्लीही देऊ का आता तुम्हाला?"

शेठने कमरेची किल्ली चाचपली. "नको. राहू द्या त्याच्याकडे. एकट्यानेच दार उघडलं तर आधी कोणी उघडलं, हे लोकांना कळायचं कसं?"

शिष्याने मान खाली घातली आणि हसू आवरलं.

तंटा सोडवायला बसणाऱ्याने माणसांना साधू करायला जाऊ नये.