तळ्याचा राखणदार आणि बाईंचं शास्त्र

उंबरदऱ्याच्या तळ्याला एक भोळा राखणदार होता. नाव हैबती. नाव दणकट, पण माणूस भोळा. भोळा म्हणजे किती? तर बायको गोजरा म्हणाली, "अहो, दुधावर लक्ष ठेवा." दूध उतू गेलं, चूल विझली, तरी पठ्ठ्यानं नजर हलवली नाही. लक्ष ठेवायला सांगितलं होतं, भांडं उतरवायला कुणी सांगितलं होतं?

तळ्याच्या काठावर पंचायतीची एक खोली होती. राखणदारी आहे तोवर खोली. राखणदारी गेली, की गोजराला माहेरी भावजयीच्या हाताखाली जावं लागणार. आणि भावजय कशी, तर दारात पाहुणा दिसला की म्हणायची, "चहा पिऊनच निघाला असाल ना?" त्यामुळे गोजराचा जीव त्या खोलीत अडकलेला. ती रोज नवऱ्याला बजावायची, "आपलं डोकं चालवू नका हो. कुणा शहाण्याचं ऐका."

शहाणं माणूस मिळालं. तालुक्याच्या कॉलेजातल्या देवस्थळीबाई जीवशास्त्राची पोरं घेऊन तळ्यावर यायच्या. पोरं चिखलात घसरायची, वह्या भिजवायची, बेडूक बघून किंचाळायची. हैबतीनं बाईंनाच विचारलं, "बाई, तळं राखायचं म्हणजे काय करायचं?"

बाई म्हणाल्या, "हैबतभाऊ, किडा बेडकाच्या पोटात, बेडूक सापाच्या पोटात. ज्याचं त्याचं चाललेलं असतं. आपण मधे पडायचं नाही."

"एवढंच ना? तसं करतो," हैबती म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी सरपंच दौलतआबांची म्हैस तळ्याच्या गाळात रुतली. गळ्यापर्यंत. आबा धापा टाकत आले, तर हैबती काठावर शेंगा सोलत बसलेला.

"अरे बघतोस काय? दोर टाक!"

"ज्याचं त्याचं चाललंय आबा. आपण मधे पडायचं नाही."

आठ गड्यांनी म्हैस ओढून काढली. आबा म्हणाले, "ही एक चूक झाली, हैबत्या. तीन झाल्या की खोली खाली करायची."

हैबती बाईंकडे गेला. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, म्हैस काय तळ्यातली आहे? बाहेरचं जे तळ्यात येतं ते तळ्याची नासाडी करतं. ते दिसल्याबरोबर बाहेर काढायचं!"

"एवढंच ना? तसं करतो."

त्याच आठवड्यात पंचायतीनं लांबून माशांचं बीज आणलं. नखाएवढी पिल्लं, पिशव्याच्या पिशव्या. गावानं नारळ फोडून ती तळ्यात सोडली आणि माणसं घरी गेली. हैबतीनं गोजराचं जुनं लुगडं घेतलं आणि दिवसभर पाण्यात उभं राहून जमतील तेवढी पिल्लं काठावर काढली. संध्याकाळी अंग मोडून आलं होतं. बगळ्यांनी मात्र त्याला भरभरून आशीर्वाद दिले असतील.

"बाहेरून आली होती, आबा," तो म्हणाला. "एकेक वेचून काढली."

आबांनी नुसती दोन बोटं दाखवली. गोजरा चुलीपुढे बसून ढसाढसा रडली.

बाई म्हणाल्या, "अहो, कोवळी पिल्लं होती ती! पाण्यात इवलंसं काही वळवळताना दिसलं, की त्याला जपायचं. खाणाऱ्यापासून लांब ठेवायचं. पोटाला घालायचं."

"एवढंच ना? तसं करतो."

देवळामागच्या हौदात त्याला इवलंसं वळवळताना दिसलं. हजारो होती. आणि त्यांच्यात गप्पी मासे तोंड मारत हिंडत होते. "अरे राक्षसांनो!" म्हणत हैबतीनं सगळे गप्पी मासे गाळून तळ्यात नेऊन टाकले. वळवळणाऱ्यांना दोन मुठी कोंडा घातला. रोज जाऊन विचारपूस केली.

पंधरा दिवसांत गावात एवढे डास झाले, की कीर्तनाला बसलेली माणसं टाळांऐवजी स्वतःलाच बडवू लागली. आबा खोली खाली करायला सांगायला आले, पण त्यांचं एकही वाक्य पुरं होईना. "हैबत्या, तुला..." फाट्. "मी आज..." फाट्.

गोजरानं त्यांचे पाय धरले. आबा विरघळले. "शुक्रवारी माझ्या पोरीचं लग्न आहे, इथंच तळ्याकाठी. त्यात हा धड कामाला आला, तर खोली राहील. नाहीतर त्याच दिवशी बाहेर."

हैबती बाईंकडे धावला. बाई हसून हसून बेजार. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, त्या डासांच्या अळ्या होत्या! खाणारा काढून नेला, मग त्या वाढणारच. कुणाचीही संख्या बेसुमार वाढली, की त्याला खाणारा आणून सोडायचा. सगळं आपोआप ताळ्यावर येतं."

"एवढंच ना? तसं करतो."

शुक्रवार उजाडला. हैबतीनं पाणी भरलं, पत्रावळी मांडल्या, एक चूक नाही. गोजरा आचाऱ्याच्या हाताखाली पुऱ्या लाटत होती आणि मनात देवाला हात जोडत होती. तेवढ्यात वऱ्हाड आलं. तीनशे माणसं ठरली होती. तीन टेंपो आणि दोन ट्रॅक्टर भरून आठशे आली.

आबांचं तोंड उतरलं. "हैबत्या, माणसं बेसुमार वाढली रे! बुंदी पुरायची नाही. अब्रू जाईल माझी. काहीतरी कर बाबा!"

हैबतीनं विचार केला. माणसांना खाणारं कोण? आधी त्याला पुढारी आठवले. पण ते पहिल्या पंगतीलाच बसले होते. मग त्याची नजर चिंचेखाली गेली. त्याच सकाळी उसात एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला होता. न्यायला वनखात्याची गाडी यायची होती, म्हणून पिंजरा सावलीत ठेवलेला.

हैबती गेला. कडी काढली. दार वर उचललं. आणि पाहुण्याला बोलवावं तसं म्हणाला, "या. पानं वाढलीत."

पुढचं काय सांगावं! नवरदेव मुंडावळ्यांसकट तळ्यात. भटजी मांडवाच्या खांबावर. वरमाय बुंदीच्या पातेल्यात. बँडवाला ढोल डोक्यात घालून ट्रॅक्टरखाली. आठशे माणसं डोळ्याचं पातं लवेपर्यंत नाहीशी. बिबट्या बिचारा या आरडाओरड्यानं इतका घाबरला, की कुणाकडे न बघता समोर दिसलेल्या पहिल्या उघड्या दारात घुसला. दार राखणदाराच्या खोलीचं होतं.

हैबतीनं बाहेरून कडी लावली आणि खुशीत चिंचेखाली आला. वरच्या फांदीवर आबा लटकत होते.

"आबा, संख्या ताळ्यावर आली! पहिल्या पंगतीची सोडली, तर बाकी सगळी बुंदी शिल्लक!"

"हैबत्या!" आबा वरून गरजले. "आत्ताच्या आत्ता ती खोली रिकामी कर!"

गोजरानं लाटणं टाकलं आणि तोंडाला पदर लावला. हैबतीनं खोलीकडे बघितलं, मग वर आबांकडे बघितलं.

"मी बाहेरच आहे की, आबा," तो म्हणाला. "आत तो बसलाय. त्याला तुम्ही येऊन सांगा."