धबधब्यावरचे मासे

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंसमोर खोटे बोलायला निघाली, आणि तेही केवळ प्रेमापोटी.

तिचे नाव चारुशीला. सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणाऱ्या, बोटभर लांबीच्या एका चंदेरी माशाचा ती अभ्यास करीत होती. प्रत्येक जिवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. आईबापांचा वारसा लेकरांकडे जातो तो याच सूक्ष्म धाग्यांवरून. माशांच्या पेशींतले हे धागे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, हे तिचे काम. तिचे गुरू दामोदरपंत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचा ग्रंथ चाळीस वर्षे प्रमाण मानला जात होता आणि त्यात स्पष्ट छापले होते की या माशाची गुणसूत्रे सर्वत्र पन्नास असतात.

चारुशीलाने अकरा ओढे पालथे घातले. दहा ठिकाणी पन्नासच भरली. अकरावा ओढा एका उंच कड्यावरून धबधबा होऊन कोसळत होता. त्या धबधब्याच्या माथ्यावर जे मासे मिळाले, त्यांच्यात मात्र भरली अठ्ठेचाळीस. तिला वाटले, काचपट्टी तयार करताना दोन निसटली असावीत. नवशिक्या हातून असे होते. तिने पुन्हा मासे आणले, पुन्हा पट्ट्या केल्या. सात वेळा मोजले. सातही वेळा अठ्ठेचाळीस.

आता तिला भीती वाटू लागली, आणि ती स्वतःच्या चुकीची नव्हती. वर्षापूर्वी गुरुपत्नी गेल्यापासून दामोदरपंतांचे बोलणे कमी झाले होते. कोणी त्या ग्रंथाचा विषय काढला, तरच त्यांचा चेहरा उजळे. तो उजेड आपण विझवायचा? चारुशीलाने रात्रभर विचार केला आणि सकाळी तक्ता लिहिताना अकराव्या ओळीत पन्नास हा आकडा टाकला.

दामोदरपंतांनी तक्ता हातात घेतला. ओळींवरून त्यांचे बोट सावकाश खाली आले.

"चारू, दहा ओढ्यांचे मासे तू तीन-तीन वेळा मोजलेस. या शेवटच्या ओढ्याचे सात वेळा का?"

मोजणीच्या फेऱ्यांचा रकाना बदलायचा राहूनच गेला होता.

"किती भरली?" त्यांनी हळूच विचारले.

"अठ्ठेचाळीस, सर."

दामोदरपंत उठले. त्यांनी फडताळातून आपला ग्रंथ काढला, हवे ते पान उघडले, आणि पेनाने छापील 'सर्वत्र पन्नास'वर आडवी रेघ मारली.

"सर, हे काय करता!" चारुशीला जवळजवळ ओरडलीच. "अजून माझी मोजणी कोणी तपासलेली नाही. चूक माझी असेल."

"तुझी मोजणी आपण आत्ता तपासू. पण ही रेघ त्या मोजणीसाठी नाही. बस." ते खुर्चीवर टेकले. "त्या धबधब्याच्या वर मी गेलोच नव्हतो. वाट निसरडी होती, अंधारून आलं होतं. खालच्या डोहातले मासे मोजले आणि वरचेही तसेच असणार म्हणून लिहून टाकलं. दिसायला सारखेच ना! चाळीस वर्षं कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आण ती पट्टी."

मोतीबिंदू काढलेला डोळा त्यांनी भिंगाला लावला. बराच वेळ ते पाहत राहिले.

"ही दोन इतकी लांब कशी?"

"मला वाटलं, दोन-दोन धागे एकमेकांवर पडलेत."

"सातही वेळा? प्रत्येक पेशीत?" ते हसले. "आता धागे मोजू नकोस, त्यांच्या भुजा मोज, गाठीपासून निघणारे फाटे."

चारुशीला वाकली. सेहेचाळीस धाग्यांना एकेक भुजा होती. त्या दोन लांब धाग्यांना दोन-दोन. तिने बेरीज केली, परत केली, आणि मान वर केली.

"पन्नास! सर, काही हरवलेलंच नाही!"

"नाहीच हरवलं. कधीकाळी दोन धागे टोकाशी जुळून एक झाले. वारसा बहुतेक तोच, बांधणी निराळी. मोठ्या नदीतही असं घडत असेल, पण लाखो माशांत एकाचं वेगळेपण विरून जातं. इथे मूठभर मासे कड्यावर अडकले. खालून कोणी वर चढेना. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तोच बदल त्यांचा स्वभाव होऊन बसला. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही." दामोदरपंत तिच्याकडे वळले. "तू पन्नास लिहिलंस ते माझा मान राखायला, हे मला कळतं गं. पण त्यापायी एवढ्या काळाची त्यांची वाटचाल पुसली गेली असती. परक्याने ही चूक काढली असती, तर मला लाज वाटली असती. तू काढलीस. ही आपल्या घरातली गोष्ट झाली."

चारुशीलाचे डोळे भरून आले. तिने तक्ता नव्याने लिहिला. खाली टीप देणे भाग होते. तिथे मात्र तिचा हात अडला. दहादा खोडून तिने शेवटी एक वाक्य लिहिले : 'गुरुवर्यांच्या पूर्वीच्या नोंदीत ही किरकोळ दुरुस्ती आहे.'

दामोदरपंतांनी टीप वाचली, पेन मागून घेतले, आणि 'किरकोळ' हा शब्द तेवढा खोडला. मग कितीतरी महिन्यांनी ते मोकळेपणी हसले आणि म्हणाले, "चल, आता चहा टाक. दोघांचा."