बांध नसलेला माळ

फार फार जुनी गोष्ट सांगतो. पोरांनी ऐकावी, थोरांनी तर जरूर ऐकावी. एका राज्यात जळणापायी जंगलं संपत आली होती. तेव्हा तिथल्या कारागिरांनी सूर्याचं तेज धरून ठेवणारे आरसे घडवले. आरसे दिवसभर उन्हात मांडायचे, की घरोघरी चुली पेटायच्या, दिवे लागायचे. काम सोन्यासारखं होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. अडचण एकच. सगळ्या राज्याला पुरतील एवढे आरसे मांडायला चार गावांएवढी मोकळी जमीन हवी होती.

"घरांच्या सपाट छपरांवर, माळवदांवर मांडले तर?" राजाने विचारलं.

"खर्च दुप्पट होईल, महाराज," प्रधान म्हणाले. "शिवाय एकेका घरधन्याची मनधरणी करत बसावं लागेल."

मग राजाने मोजणीदाराला बोलावलं. "पडीक जमीन शोधून द्या. पण कुणाच्या पोटावर पाय येता कामा नये, बरं का!"

मोजणीदार भला माणूस. उभ्या हयातीत त्याने कुणाची वीतभर जमीन इकडची तिकडे केली नव्हती. पण त्या राज्यात मोजणी व्हायची ती भर उन्हाळ्यात, शेतं रिकामी असताना. आणि रीत अशी, की बांध असेल ती शेती, बांध नसेल ती पडीक.

तो माळावर आला. गवत वाळून गेलेलं, चिटपाखरू दिसेना. तेवढ्यात धुळाजी धनगर भेटला. तो त्याचा लहानपणचा सोबती. उन्हाळ्यापुरती मेंढरं शेतांत लेंडीखतासाठी बसवायला निघाला होता.

"पडीक?" धुळाजी हसलाच. "अरे, एक पाऊस पडू दे, मग ये. कमरेएवढं गवत असतं इथं. माझी दोनशे मेंढरं यावरच जगतात की!"

मोजणीदाराला धुळाजीचा शब्द खोटा वाटला नाही. तरी तो म्हणाला, "बांध कुठाय, धुळाजी? बांध नाही तर मी लिहू काय? आणि तू फिरता माणूस. इथं नाही तर तिथं चारशील."

त्याने 'पडीक' लिहिलं.

महिन्याभरात माळ सपाट झाला. गवत मुळासकट निघालं, आरसे लागले. राज्यात आनंदीआनंद झाला, मोजणीदाराला शालजोडी मिळाली.

पावसाळ्यात धुळाजी परतला तर माळाला कुंपण! तो चाऱ्यासाठी गावोगाव फिरला. पण जिथे जावं तिथे उभी पिकं. चाऱ्यावाचून निम्मी मेंढरं मेली, उरलेली त्याने रडत खाटकाच्या हवाली केली. दुसऱ्या उन्हाळ्यात आसपासच्या शेतांत बसवायला मेंढरंच नव्हती. जमिनीचा कस उतरला, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले.

मोजणीदाराने राजाचे पाय धरून आपली चूक सांगितली. राजानेही ऐकलं. आरसे उपटून माळवदांवर नेले, त्यात खर्च तिप्पट झाला. पण मुळं उखडलेल्या माळावर गवताचं पातं काही उगवेना.

मोजणीदार धुळाजीला शोधत गेला. तो एका वीटभट्टीवर माती वाहत होता.

"माझं चुकलं रे," मोजणीदार म्हणाला.

"मोजण्यात तू कधीच चुकला नाहीस," धुळाजी म्हणाला. "मी सांगत होतो, तेवढं मात्र लिहिलं नाहीस." त्याने पाटी डोक्यावर घेतली आणि तो चालू लागला. मोजणीदार तिथेच हुंदके देत बसला.

म्हणून सांगतो, जमिनीला धनी दिसला नाही म्हणून तिच्यावर कुणी जगत नाही, असं समजू नये.