सुवार्ताचे दोन निखारे

डोंगराच्या ओंजळीत, धुक्याची दुलई पांघरून एक इवलीशी वाडी होती. तिचं नाव शेवंतवाडी. थंडी अशी, की सकाळी आधी नाक लाल व्हायचं आणि मग डोळे उघडायचे! अशा त्या थंडीत, कौलांच्या फटींतून वारा शिरणाऱ्या एका घरात, दहा वर्षांची सुवार्ता चुलीपुढे बसून फू फू करत होती. डोळ्यांत पाणी होतं. थोडं धुराचं, बाकीचं कशाचं ते काय सांगायचं!

तिची आई अन्नाबाई चार दिवस तापाने फणफणली होती. बाबा देवाघरी गेलेले, त्यामुळे घरातली कर्ती म्हणाल तर ही एवढीशी पोर. काल नर्सबाई औषध देऊन गेल्या. जाताना दारात थबकून, आवाज खाली करून म्हणाल्या, “बाळ, औषध आपलं काम करेल. पण उद्याचा दिवस जप हो. खोली गार पडू द्यायची नाही. पडली तर...” पुढचं त्या बोलल्याच नाहीत. आणि ते न बोललेलंच सुवार्ताला बारीक काट्यासारखं टोचत राहिलं.

आज बघते तर काय, सरपण धुक्याने ओलंगच्च, काडेपेटीतल्या काड्या सादळलेल्या, आणि चुलीत उरलेले निखारे दोन. दोनच! डाळिंबाच्या फुलांसारखे लालचुटुक.

तेवढ्यात अंथरुणातून आईचा क्षीण आवाज आला. “सुवी, योहानआजोबांकडे विस्तव गेला का गं? आणि रिबेकाकाकूंकडे?”

हा आईचा हिवाळ्यातला नेम होता. सगळ्यांच्या आधी उठायचं, चूल पेटवायची, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्या दारी खापरीतून निखारे पोचवायचे. योहानआजोबांना दिसत नव्हतं. रिबेकाकाकूंच्या घरी आठ दिवसांची नात होती आणि बाळंतीण अजून उठती नव्हती. निखारा ठेवताना आई त्या घराचं नाव घेऊन म्हणायची, “प्रभू, ह्या घरात ऊब असू दे.” कुणी म्हणालं, “अगं अन्ना, प्रार्थना चर्चमध्ये करायची असते,” की आई हसायची. “तिथेही करते की. पण प्रभू मला तिथे रविवारी भेटतो, आणि शेजाऱ्यांच्या चुलीशी रोज.”

“आई, दोनच निखारे राहिलेत,” सुवार्ता रडवेली होऊन म्हणाली.

“मग दोन घरं झाली की,” आई म्हणाली आणि ग्लानीत डोळे मिटून पडली.

सुवार्ताने दोन्ही निखारे खापरीत घेतले. चर्चच्या बागेत चार वाळक्या काटक्या मिळाल्या तर आजोबांकडूनच परत विस्तव आणू, असा तिचा हिशेब. पण बागेत पोचून तिने सगळीकडे शोधलं. प्रत्येक काटकी भिजलेली, प्रत्येक पान ठिबकणारं. आता विस्तव परत आणला तरी तो जळणार कशावर?

इतक्यात शेवंतीच्या ताटव्यातून बारीकसा आवाज आला. कुणी चांदीची सुई काचेवर टिचकावावी तसा. “ए मुली... जरा ऊब देतेस का गं?”

पिवळ्याधमक शेवंतीवर कोळ्याचं जाळं होतं. त्यात दवाचे थेंब मोत्यांसारखे लटकले होते, आणि मधोमध अडकली होती बोटाएवढी परी! झगा मोरपंखी, केस चंदेरी, आणि चिमुकले पंख थंडीने काचेसारखे गोठलेले.

घरी आई गारठतेय, इथे थांबायला वेळ कुठला? पण ती इवली हनुवटी अशी थडथडत होती, की सुवार्ताने खापरी अलगद जाळ्याखाली धरली. पंखांवर गुलाबी, निळे, जांभळे ठिपके उमलले आणि परी भुर्रकन तिच्या खांद्यावर येऊन बसली.

“तू देवदूत आहेस?” सुवार्ताने घाबरत विचारलं.

“छे गं! मी दहिवरपरी. देवाच्या बागेतली साधी माळीण,” परी खुदकन हसली. “तू मला ऊब दिलीस, आता ऊबच माग. तुझे दोन निखारे म्हणजे दोन इच्छा. निखारा ठेवून ज्या घराचं नाव घेशील, तिथली चूल थंडी सरेपर्यंत लाकडावाचून जळेल. पण नियम ऐक. एका घराला एकच निखारा. ऊन चर्चच्या घंटेला टेकायच्या आत ठेवायचा. आणि एकदा घेतलेलं नाव परत घेता येत नाही.”

“माझ्या आईचा ताप उतरव ना!”

परीचा चेहरा मऊ झाला. “ते माझ्या हातात नाही, राणी. माझ्या हातात फक्त ऊब आहे.”

ऊबच तर हवी होती! सुवार्ता गर्रकन वळली आणि घराकडे पळत सुटली. पण वाटेवरच योहानआजोबांची ओसरी. त्यांना दिसत नसलं तरी कान मोठे तिखट. “सलाम, अन्नाची सुवार्ता ना ती? आज पाय का एवढे घाईत? ये बेटा, केव्हाचा वाट बघतोय. बोटं अशी आखडलीत, की पेटीसुद्धा वाजवता येणार नाही नाताळात. तशी बेसूरच वाजवतो म्हणा!”

पुढे कसं जायचं? तिने त्यांच्या चुलीत एक निखारा ठेवला, बादलीभर पाणी आणून दिलं, आणि रोजच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, “प्रभू, योहानआजोबांच्या घरात ऊब असू दे.”

भप्प! सोनेरी उजेड झाला. लाकडाला न शिवता चुलीत केशरी ज्योत नाचू लागली. सुवार्ताने जीभ चावली. नीट विचार करायच्या आतच एक इच्छा संपली होती! पण आजोबा ज्योतीपुढे हात पसरून लहान मुलासारखे हसत होते.  खापरी पदराआड धरावी तशी फ्रॉकच्या घेरात जपत ती निघाली. आता एकच राहिला. हा आईचा.

समोर चर्चच्या कौलांवर ऊन आलं होतं. खाली दारावर टांगलेली घंटा अजून सावलीत होती. तिने पावलं उचलली.

रिबेकाकाकूंच्या घरावरून जाताना तिने मान खाली घातली. काकूंची जीभ म्हणजे कोयता! आणि काकू नेमक्या दारातच.

“आलीस? आमच्याकडे बघायचंही नाही वाटतं आज! जा हो, जा. आमच्या नशिबी राखच आहे.” पण बोलताना काकूंचा आवाज कापत होता. आतून बाळ रडलं. रडलं कसलं, मांजरीच्या पिलासारखं नुसतं कण्हलं.

सुवार्ता आत डोकावली. दुपट्यातून बाहेर आलेली बाळाची पावलं जांभळाएवढी होती, आणि जांभळासारखीच निळी. बाळाची आई त्यांच्यावर तोंडाची वाफ सोडत होती. काकूंची चूल गार, काड्या इथेही सादळलेल्या.

ऊन घंटेच्या दांडीवर सरकलं.

‘आईसाठी एवढा एकच आहे,’ सुवार्ताचं मन आक्रोशलं. तिने खांद्यावरच्या परीकडे बघितलं.  सुवार्ताला एकाएकी आईचा आवाज आठवला. ‘मग दोन घरं झाली की.’

तिने निखारा काकूंच्या चुलीत ठेवला. “प्रभू, रिबेकाकाकूंच्या घरात ऊब असू दे.”

भप्प! गुलाबी उजेडाने खोली भरली. बाळाची पावलं हळूहळू गुलाबी झाली आणि ते चांगलं खणखणीत रडलं. सुवार्ता रिकामी खापरी घेऊन पळत सुटली, हुंदके देत, ठेचकाळत.

घरात गेली तर खोली विहिरीसारखी गार. आईचे हात बर्फ. सुवार्ताने घरातली होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोधड्या आईवर घातली, स्वतः तिच्यावर पालथी पडली आणि म्हणाली, “प्रभू, माझ्याकडे आता काहीच नाही रे.”

दार धाडकन उघडलं.

“काहीच नाही म्हणते! रिकामी खापरी घेऊन पळालीस, सांगायला तोंड नव्हतं का कार्टे?” रिबेकाकाकू! डोक्यावर गोवऱ्यांचं पोतं, हातात विस्तवाने धगधगता लोखंडी पळा. “माझी चूल लाकडावाचून जळतेय म्हटल्यावर ह्या कोरड्या गोवऱ्या काय मी उशाला घेऊ?” आणि त्यांच्या मागे काठी टेकत योहानआजोबा, काखेत वाळक्या लाकडांची मोळी. “माझी पण घे, बेटा. नाताळापर्यंत जपून ठेवली होती. आता मला कशाला?”

चूल पेटली. कौलांच्या फटींत काकूंनी गोणपाटं कोंबली. पाणी उकळलं, वाफ झाली, आईचा श्वास मोकळा होऊ लागला. सगळे तिच्या उशाशी बसून होते. 

“घाम आलाय!” काकू एकदम ओरडल्या. “अन्नाच्या कपाळाला घाम आलाय गं!”

खिडकीच्या चौकटीवर परी उभी होती. सुवार्ता पुटपुटली, “पण इच्छा तर संपल्या होत्या.”

“माझ्या संपल्या,” परी म्हणाली. “शेजाऱ्यांच्या हातांना माझे नियम लागत नाहीत.”

त्याच क्षणी ऊन घंटेला टेकलं. सोनं, केशर, मोरपीस सारे रंग एकदम झळाळले आणि त्या झळाळीत परी दवासारखी विरून गेली.

आईने डोळे उघडले. “सुवी, भूक लागलीय गं.”

सुवार्ता हसायला गेली आणि भोकाड पसरून रडली.

“आता रडायला काय झालं?” काकूंनी पदराने आधी तिचं नाक पुसलं, मग गुपचूप स्वतःचे डोळे. “भाकरी थापता येते का? नाही ना? मग सरक तिकडे, आणि बघून शिक.”